नांगरवाले मोठे कधी झाले

"हॅलो… हॅलो? कोन बोलते?… हाव, बोला."

पलीकडून दोन शब्द आले आणि अमरदीपचा हात तांब्याच्या तारेवर जागच्या जागी थांबला. फोनातला आवाज फूलचंद सेठचा होता. तीस-बत्तीस वर्षांमागचा, जसाच्या तसा. गालात लवंग धरून बोलल्यासारखा संथ, एकेक शब्द तागडीत घालून मग गिऱ्हाइकाच्या पदरात टाकणारा. ‘बस बाबू. पाऊन तास लागन. गानं भरायचं म्हंजे का पोत्यात गहू भरायचे हाय?’ वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात असा आवाज एकच होता, आणि तो दोन वर्षांमागे निवला होता. मग एका श्वासाचं अंतर गेलं आणि अमरदीपला उमगलं, की आवाज बापाचा असला तरी बोलणारा लेक आहे.

"अबे संयम, तू हायस का… नंबर नवा दिसून राह्यला. … जिनलनं घेऊन देल्ला? बरं हाय, पोरगी कमावती झाली म्हना… हाव, हाव. मिच्छामि दुक्कडम् बापा, तुले बी. माह्याकून काही चुकलं असन तं पोटात घाल. … घरचे सारे बरे. संगीता मूग तोडायले गेली वावरात…"

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी हा फोन दरवर्षी यायचा. संयमचं वाशीमला चष्म्याचं दुकान. दुकान उघडण्याआधी तो एकेका नावाला फोन लावून वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा, आणि अमरदीपच्या नावाशी आला की माफी दोन मिनिटांत आटपून गप्पा तासभर चालायच्या. यंदा माफीचे शब्द त्यानं असे सारले, जशी भांडून निघालेल्या माणसानं उंबऱ्यावर चप्पल पायात सारावी.

"ग्रुप?… पाह्यला ना ग्रुप. … नाई, मी काही लिवलं नाई. काम होतं. … तीन दिवस काम होतं बे. पावसानं दडी मारली, कास्तकार मोटरी चालवून राह्यले, आन् लाईन अशी का मोटरी जळून राह्यल्या. दुकानापुढं पाय ठेवाले जागा नाई. … कोनं लिवलं, गोविंदसिंगनं? … हाव, वाचलं. … संयम, ऐक ना… अबे ऐक तं. गोविंदसिंगचं मागून पाहू. तू आधी काय लिवलं होतं ते आठव. तूच लिवलं ना, का तिसरा अल्बम भंगार हाय म्हनून?"

"… बरं. भंगार नाई, ‘सामान्य’. सामान्य लिवलं. तं मले हे सांग, काळ्या अल्बमले सामान्य म्हननारा तू कोन?"

काळा अल्बम म्हणजे नांगरवाल्यांचा तिसरा. नांगरवाले हा विलायतेतला एक जुना रॉक बँड. चार माणसं, खांद्यापर्यंत केस, सगळे मिळून पाच अल्बम. नाव इंग्रजी होतं आणि जिभेवर ठरत नव्हतं. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर नांगराचं चित्र, म्हणून मालेगावात ते नांगरवाले झाले. फूलचंद सेठच्या दुकानात त्यांच्या पाचही रेकॉर्डी एकामागून एक आल्या आणि तिथं त्यांवरून कॅसेटी भरून मिळू लागल्या. त्या कॅसेटींनी अमरदीप, संयम, गोविंदसिंग, जगदेव आणि धनराज या पाच जणांना असं काही धरलं की आता पन्नाशी ओलांडून, नातवंडं मांडीवर घेऊन, ते फोनवरच्या ग्रुपात अजून तेच भांडण भांडतात: हे लोक खरे मोठे कोणत्या अल्बमपासून झाले? मालेगावचं उत्तर ठरलेलं होतं. काळ्यापासून. आणि हे उत्तर पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, तो अमरदीप.

"मी सांगतो तुले. पयला अल्बम घे. काय हाय त्याच्यात? उड्या. दुसऱ्यात बी उड्याच, फक्त गिटार नवी घेतली. तो लंबू गाते असा, का मागं कुत्रं लागलं. … थांब, बोलू दे. आन् तिसऱ्यात तोच मानूस कसा गाते? भरली बैलगाडी घाट चढते तसा. एकेक पाऊल. आवाज बेंबीतून येते. ढोल वाजला का फळीवरले डबे हालते. ह्या मानसानं दोन वर्षांत काहीतरी भोगलं असन, काहीतरी गमावलं असन, हे आंधळ्याले बी कळते. … तुले नाई कळत? मंग तुह्याच दुकानातला चष्मा लाव."

"… आन् पयल्या बाजूचं शेवटचं गानं? ते तं पुरंच करत नाई तो. शब्द अर्धा तोंडात, आन् खट… बंद. मानूस बोलता बोलता मरते तसं. अशी हिंमत कोन्या बँडनं केली मले सांग. …"

"… काय?"

"… पुरं हाय? गानं पुरं हाय म्हंते? … कोनाजवळ? … तुह्या रेकॉर्डवर. बरं, मंग पुढं काय हाय? … ‘ला ला ला’? … किती वेळ? … दीड मिनिट? … दीड मिनिट तो ला ला ला करते आन् मागून पोरं टाळ्या वाजवते. … नाई संयम. तू दुसराच कोनता बँड लावला असन."

त्यानं हे म्हटलं खरं, पण हातातली तार त्यानं हळूच खाली ठेवली. दुकानात जळक्या वार्निशचा वास होता. दारापाशी दुरुस्तीला आलेल्या गावोगावच्या पाण्याच्या मोटरी रवंथ करत बसलेल्या म्हशींसारख्या ओळीनं बसल्या होत्या. रस्त्यावरून वाशीमची बस धुरळा उडवत गेली, तेवढा वेळ त्यानं फोन कानापासून दूर धरला. बस गेली, तरी लगेच जवळ आणला नाही.

"… हाव, आयकून राह्यलो. … जिनलनं पुन्याहून आणली. मशीन बी नवी, रेकॉर्ड बी विलायतेतली. … वाढदिवसाले. … बरं. … आन् तू काय केलं, घड्याळ लावलं? … कॅसेटीवर चार मिनिटं बत्तीस सेकंद. … आन् रेकॉर्डवर चार नऊ. … कॅसेटीवर सुस्त, म्हनून टेप आधी संपली आन् गानं अर्धं तुटलं. … तीनच्या तीन अल्बम सुस्त, तिसरा, चौथा, पाचवा. आन् पयले दोन बराबर. … म्हंजे तुह्या हिशेबानं नांगरवाले कधी मोठे झालेच नाई. गाडी हळू झाली, आन् आमाले वाटलं भार वाढला. असंच ना?"

"… अबे घड्याळ लावून कोनी गानं ऐकते का? तुमी लोक…"

"… ‘तुमी लोक’ म्हंजे दुकानदार लोक. दुसरं काही नाई. …"

"… काय म्हनला? … नाई, परत म्हन. … परत म्हन, मले नीट ऐकू आलं नाई."

"… ‘तांड्यावर बसून तुमाले काय कळत होतं.’ … बरं. बरं झालं बोलला. तीस वर्षं पोटात ठेवलं होतं का आजच सुचलं? … नाई संयम, तांडा तू काढला, मी नाई काढला. आज कोनता दिवस हाय ते तरी पाह्यचं होतं. … हाव, तांड्यावर ऐकत होतो. तू गादीवर लोळून ऐकला, आमी दिवसभर सोंगनी करून ऐकला. आंग ठनकत राहे आन् तो मानूस तसाच गाये, जसा आंगातून ठनका उठते. मंग कोनाच्या आंगात जास्त गेला असन, तुह्या का माह्या?"

किन्हीराजाच्या अलीकडे माळावर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. संध्याकाळी अंगणात टेप लावला की चुलीपाशी बसलेली त्याची याडी, आई गोमतीबाई, फुंकणी थांबवून ऐकायची. म्हणायची, ह्या बाप्याचं कोण गेलं रे? शब्द एक कळत नसे तिला, पण रडं कळायचं. ढावलो, म्हणजे लेकीच्या पाठवणीची रडगाणी, म्हणणारी बाई होती. दुःखाला किती लांब ओढायचं आणि कुठं सोडून द्यायचं, हे तिला ठाऊक होतं. तिनं मान हलवली, तेव्हा अमरदीपला वाटलं होतं, झालं, शिक्का बसला. नांगरवाले मोठे झाले.

"… एक मिनिट संयम. … रामराव, तुमची मोटर संध्याकाळी. … नाई हो, वार्निश वाळाले पायजे ना. ओली नेसान तं पुन्हा जळन आन् मंग मलेच शिव्या द्यान. … हाव, पाच वाजता. … बोल संयम. गिऱ्हाईक होतं. … माही बोलती बंद नाई झाली, गिऱ्हाईक होतं म्हनलं ना."

"… पाह्य, गोविंदसिंगनं लिवलं त्याले मी काय करू? तो मोकळ्या तोंडाचा मानूस हाय. ‘फूलचंद सेठनं हलकी मशीन ठेवली, आमाले तीस वर्षं फसवलं.’ लिवलं त्यानं. मी नाई लिवलं. … अंगठा? मी अंगठा नाई देल्ला. जगदेवनं देल्ला. … धनराजनं हासरं तोंड टाकलं, बरं. मी काहीच नाई टाकलं. … हाव, काहीच नाई टाकलं, तोच माहा गुन्हा का? … बाजू कोनाची घेऊ? इतिहासाचा प्रश्न होता, अल्बमचा होता. तूच घड्याळ काढलं. तूच लिवलं का कॅसेटी सुस्त हाय. मंग लोक इचारतीनच ना, कोनं भरल्या. बापाचं नाव तूच चव्हाट्यावर आणलं, संयम. मी नाई. … कापून बोलून राह्यलो, हाव. तू तांडा काढला तवा काय हार घातला होता मले?"

मग पलीकडून जे आलं, ते ऐकता ऐकता अमरदीप स्टुलावरून उठला, दुकानाच्या आतल्या अंगाला गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"… काकूले कोनं सांगतलं? … जिनलनं वाचून दाखवलं. अबे असं कायले वाचून दाखवा मानसानं… बरं, तिले काय माहीत. … काल उपास होता ना काकूचा. … आठ दिवसांचा? ह्या वयात? … आन् आज पारनं. … मुगाचं पानी बी नाई घेतलं? … दूध बी नाई. … काय म्हंते?"

"… ‘माप खोटं असन तं त्या घरचं दूध मी कसं पिऊ.’ … असं म्हंते."

संयमची आई पानाबाई शहात्तर वर्षांची. तिच्या नवऱ्यानं आधी किराणा विकला आणि मग रेडिओ, आणि दोन्ही वेळा बाजारात एकच गोष्ट सांगितली जायची, की फूलचंदच्या तागडीची दांडी डोळे मिटून धरली तरी सरळ राहते. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढल्यावर म्हातारीच्या कानावर ते मोबाइलमधलं वाक्य पडलं होतं. वाशीमच्या घरात ती ताट सारून बसली होती, आणि लेक मालेगावला फोन लावून उभा होता. हे भांडण अल्बमचं कधीच नव्हतं. अमरदीपला ते पहिल्या शब्दापासून माहीत होतं. म्हणूनच तो अल्बमला चिकटून बसला होता.

"… मी काय लिवू? … ‘मशीन चांगली होती. मी दर दिवाळीले खोलून साफ करत होतो. काही खोट नव्हती.’ असं लिवू? … संयम, तीस वर्षं झाली. मले कसं आठवन? … दर दिवाळीले खोलत होतो, हाव. … पाटी होती ना माही, सेठजीच्या दुकानाच्या पायरीवर टेबल होता, ते सारं आठवते. मशीनीचं नाई आठवत. … नाई, भेलो नाई मी. कोनाले भेऊ? … गोविंदसिंगले? त्याच्या मोटरी फुकट भरून देतो मी, तो काय बोलते मले. …"

"… उपकार काढू नको. … जेवलो तुह्या घरी, हाव, जेवलो. काकूच्या हातचं जेवलो. त्याचा दाखला आज मांगून राह्यला का? … मंग बोलू नको असं. … ‘साधं एक वाक्य’. साधं एक वाक्य म्हंते. …"

आता फूलचंद सेठचं दुकान नव्हतं. रेकॉर्ड फिरवायची ती मशीन दुकान बंद करताना भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढून गेली, तेव्हा अमरदीप समोरच्या टपरीवर चहा पीत होता. गाड्याची चाकं वाजत वळणाआड गेली आणि त्याला वाटलं होतं, छातीवरनं एक पाटा उतरला. साऱ्या जिल्ह्यात आता साक्षीदार एकच उरला होता, आणि तो मोटरींच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. जी तार जळली ती काढावी आणि नवी भरावी, हा त्याचा धंदा. त्यानं क्षणभर डोळे मिटले. आणि त्याला सुचलं. असं सुबक सुचलं, की एकाला एक लागून वेढे बसावेत, कुठं फट नाही.

"ऐक. संयम, चूप, ऐक. … मशीन चांगली होती. मी लिवतो. आन् नुसतं एवढं लिवलं तं गोविंदसिंग मानणार नाई, म्हनन मंग आवाज सुस्त काहून. तं दोष रेकॉर्डचा होता. … हाव, रेकॉर्डचा. तुह्या पोरीनं आणली ती विलायतेतली. आपल्या दुकानात होती ती इकडची छाप. काही रेकॉर्डी छापतानाच जड येते, मिस्त्री लोकाईले माहीत हाय. … तिन्ही त्याच खेपेच्या होत्या. पयल्या दोन आधीच्या. … बसते ना बराबर? … हाव. सेठजीचा दोष नाई, मशीनीचा नाई, कोनाचाच नाई. छापाचा दोष. … मी मिस्त्री हाय, माह्या शब्दापुढं गोविंदसिंग चूप बसन. … आत्ताच लिवतो. फोन ठेवला का लिवतो. …"

"… राहू दे. मी बी जास्त बोललो. … तांड्याचं राहू दे म्हनलं ना. … हाव. सांग काकूले. सांग, अमर लिवून राह्यला म्हना. … सांग ना, मी आहो लाईनीवर."

पलीकडे पावलं वाजली, दार वाजलं, एक बाईमाणसाचा हलका प्रश्न, मग पुन्हा पावलं. अमरदीपनं कपाळ पुसलं. दारातून रस्त्यावरचं ऊन दिसत होतं, उन्हात एक म्हातारा कडब्याच्या पेंढ्या सायकलवर बांधत होता. सगळं कसं रोजच्यासारखं होतं. खोटं बोलल्यावरही ऊन तसंच पडतं, हे त्याला नवं नव्हतं.

"हाव, बोल संयम… कोन? … काकू? … नमस्कार काकू. पाया पडतो. … मी बरा हाय. तुमी कायले उठले, झोपून राह्यचं ना… आवाज किती बारीक झाला तुमचा. … नाई हो काकू, उपकार कायचे. … नाई, असं म्हनू नका. … मी लेकराच्याच जागी हाय ना तुमच्या. …"

"… कोन म्हनत होते? … सेठजी? … माह्याबद्दल? … ‘अमरनं सांगतलं म्हंजे मशीनीनं सांगतलं.’ …"

"… मले माहीत नव्हतं, काकू. ते असं म्हनत होते ते. …"

"… हाव. … हाव, घ्या ना. ग्लास हातात हाय का? घ्या, घ्या दूध. आठ दिवस झाले पोटात काही नाई… हाव काकू, मी सांगतलं ना, आता मनात काही ठेवू नका, घ्या…"

"… काकू."

"… काकू, थांबा एक मिनिट. … दूध नका घेऊ म्हनत नाई मी. घ्या. फक्त आधी ऐका. … नाई, संयमले नका देऊ फोन. तुमीच ऐका, मंग त्याले सांगा, मंग ग्रुपवर मी सोता लिवतो, जसं हाय तसं."

"ते रेकॉर्डचं खरं नाई, काकू. … छापाचं. आत्ता मीच बनवलं ते, भिंतीकडे पाहून. … मशीन सुस्तच होती. … नाई, हलकी नव्हती. मशीन फस्ट क्लास आणली होती सेठजीनं. माह्यापायी सुस्त झाली."

त्याचा आवाज उतरला होता, पण थांबत नव्हता. बांध फुटल्यावर पाणी जसं आधी वाट शोधतं आणि मग वाटच होऊन जातं.

"तिचा बेल्ट तुटला होता. रबराचा राहते ना, रेकॉर्ड फिरवायचा, तो. काळा अल्बम आला त्याच आठवड्यात. सेठजी सोता एसटीनं अकोल्याले गेले, उन्हाचे, तुमाले आठवत असन. … हाव, त्याच दिवशी. लू लागली होती त्याईले, तुमी कांदा चोळला पायाले. … बेल्ट कागदात बांधून खिशात घालून आणला, माह्या हातात देल्ला आन् जेवाले घरी गेले. … मी तोडला तो, काकू. लावता लावता. जोर जास्त लावला. … नवाच. … नाई सांगतलं. कसं सांगू? त्याच महिन्यात पाटी लावली होती, ‘अमरदीप मिस्त्री’. तांड्यातला पयला मिस्त्री. लोक पाटी वाचाले येत. … मंग माह्या सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापली आन् तीच बसवली. सैल बसली. रेकॉर्ड फिरे, पन जीव नसल्यासारखी फिरे. सेठजी जेवून आले, म्हनले, बसला का बेल्ट? मी म्हनलं, बसला."

"… दोन दिवसांत कळलं मले. कानाले कळतेच ना. … मंग बदलला काहून नाई? बदलणारच होतो. पन धनराज कॅसेट घेऊन गेला आन् दुसऱ्या दिवशी आला तं त्याचे डोळे लाल. म्हने, अमर, काय गायला बे तो मानूस. मंग जगदेव आला. मंग माही याडी म्हने, ह्याचं कोन गेलं. … काकू, सारे म्हनले नांगरवाले मोठे झाले. मले वाटे, मीच मोठा झालो. कोनाले माहीत नाई, पन मीच. … मंग कसा बदलू तो बेल्ट? मीच साऱ्यायच्या आधी बोंबलून सांगत फिरलो, का काळ्यापासून पाहा, काळ्यापासून ऐका. … हाव. तीस वर्षं."

मग पलीकडून एक प्रश्न आला. एकाच शब्दाचा.

"… सेठजीले?"

"… काकू, ते नका इचारू."

"… … हाव. माहीत पडलं होतं. … बेल्टचं नाई. आवाजाचं. आठच दिवसांत. गिऱ्हाईक नव्हतं तवा एकटेच ऐकत बसले होते, आन् मले बोलावलं. म्हनले, अमर, हा मानूस थकल्यासारखा गाते. आपल्याकून काही कमी तं जाऊन नाई राह्यलं? तसं असन तं साऱ्यायच्या कॅसेटी वापस मांगू, नव्यानं भरून देऊ, लोकाईले कमी माप नाई गेलं पायजे. … हाव, हेच बोलले. हेच शब्द."

"… मी म्हनलं… मी म्हनलं, सेठजी, मशीन बराबर हाय. तुमचे कान जड झाले. चाळिशीनंतर होतेच तसं. … हाव काकू. असं म्हनलो मी त्याईले. हासून म्हनलो. … त्याईनं कानाले हात लावून पाह्यला फक्त. त्याच्यानंतर गिऱ्हाईकाले सांगत, आवाजाचं अमरले इचारा, माहे कान गेले."

"… स्तवन? … हाव. मले ठाऊक हाय. मंदिरात पुढं बसून म्हनत होते ते, मंग म्हननं सोडलं. … कोनाले कारन नाई सांगतलं, हाव. सूर चुकन म्हनून भेत होते. … त्याच वर्षी, काकू. त्याच पर्युषनात."

"… नाई. ऐकून घ्या, एवढंच राह्यलं. त्याईचे कान गेले नव्हते. शेवटपर्यंत बराबर होते."